सीमाबंदीचे दिवस

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या अंकात पायाचा दगड केव्हा बसविला, घंटा कोठून आली, शाळेचे पहिले वर्ग कोठे भरले, अशा गोष्टींचे स्मरण करण्याची आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि इतिहास केवळ उघडलेल्या दारांचा नसतो. मिटलेल्या दारांचाही असतो. सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या महामारीमुळे भंडारा जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, आणि ज्या वाटेने आपण आजवर कोणास न पुसता ये-जा करीत आलो, त्याच वाटेने जाण्यासाठी अर्ज करण्याची पाळी आली. त्या दिवसांची हकीकत पुढील पिढीकरिता नमूद करून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या सीमा कोठून आल्या ते पाहू. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले व १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हा आज ज्यास बालाघाट म्हणतात त्या मुलखाचा काही भाग भंडारा जिल्ह्यातच होता. पुढे १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून बालाघाट हा निराळा जिल्हा केला गेला. तरीही प्रांत एकच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा मुंबई राज्यात आला व बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्राचे झालो. पुढे १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गोंदिया जिल्हा करण्यात आला. म्हणजे १८६७, १९५६ आणि १९९९ अशा तीन वेळा या मुलखावर रेघा ओढल्या गेल्या.

या रेघा नकाशावर होत्या. माणसांच्या व्यवहारात त्या फारशा उतरल्या नाहीत. बावनथडीच्या व वैनगंगेच्या दोन्ही काठी सोयरिकी होत राहिल्या. पोवार समाजाची वस्ती भंडारा, गोंदिया, बालाघाट व सिवनी या चारही जिल्ह्यांत पसरलेली असल्यामुळे मुलीचे सासर एका राज्यात तर माहेर दुसऱ्या राज्यात, ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. तुमसरच्या बाजारात पलीकडचे धान येई. मँगनीजच्या खाणी इकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे, तर पलीकडे तिरोडी येथे. लाखांदूरचा मनुष्य वैनगंगा ओलांडून वडशास जाई, आणि दुखणे बळावले म्हणजे सारा जिल्हा नागपूरची वाट धरी. दररोज आपण सीमा ओलांडीत होतो, परंतु ओलांडतो आहो हे ध्यानात येण्याचे कारण पडले नव्हते.

साथीचे संकट मात्र या मुलखास नवे नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच्या आधारे रेल्वेच्या उतारूंची तपासणी होऊ लागली, संशयितांना छावणीत ठेवण्यात येऊ लागले, आणि मद्रास इलाख्यात तर रोगट गावाहून आलेल्या प्रवाशाच्या हाती ‘प्लेगचा परवाना’ देऊन काही दिवस नित्य अधिकाऱ्यापुढे हजर राहण्याचे बंधन घालण्यात आले. याउलट १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा गावोगावच्या वाटा खुल्याच होत्या. मुंबईहून आगगाडीच्या मार्गाने रोग आत शिरला, आणि हिंदुस्थानात ज्या प्रांतांना त्याचा सर्वांत भयंकर तडाखा बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. म्हणून सीमा बंद करणे हे मुळातच अन्यायाचे होते, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. वाट मोकळी ठेवण्याची किंमत आपल्या पणज्यांनी भरलेली आहे. प्रश्न तो नव्हे. प्रश्न हा की, दार लावल्यावर ज्याचे घर पलीकडे राहिले त्याने काय करावे, याचा विचार दार लावणाराने केला होता काय?

मार्च २०२० मध्ये १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. २३ मार्च रोजी राज्यभर संचारबंदी जाहीर होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या, आणि २४ मार्चच्या रात्रीपासून अवघा देश टाळेबंदीत गेला. घोषणा आणि अंमल यांच्यामध्ये अवघे चार तास होते. २९ मार्च रोजी केंद्र सरकारने राज्यांना आज्ञा केली की, मजुरांचे स्थलांतर थांबवावे, सीमा कडेकोट बंद कराव्या आणि जो जेथे असेल तेथेच त्याच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची सोय करावी.

बंद सीमेतून जाण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे परवाना. राज्याच्या पोलीस खात्याने त्यासाठी संगणकावर अर्ज घेण्याची व्यवस्था केली. अर्जात नाव, पत्ता, भ्रमणध्वनीचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, सहप्रवाशांची संख्या, परत येणार की नाही, आणि राहता भाग प्रतिबंधित क्षेत्रात मोडतो काय, हे सर्व भरावयाचे. छायाचित्र व कागदपत्रे जोडावयाची. आणि प्रवासाचे कारण लिहावयाचे. अर्ज दाखल झाला की एक टोकन क्रमांक मिळे. मंजुरी आल्यास त्याच क्रमांकावर ई-पास उतरवून घ्यावयाचा व नाक्यावर दाखवावयाचा. निकटच्या नातलगाचा मृत्यू, गंभीर आजार, अत्यावश्यक सेवा ही कारणे मान्य होण्यासारखी होती. अनेकांना या मार्गाने दिलासा मिळाला, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. नाक्यावर उन्हातान्हात उभे राहून ते कागद तपासणारे शिपाईही कोणाचे तरी पुत्रच होते.

परंतु परवान्यास वाहनाचा क्रमांक हवा होता, आणि पायी चालणाऱ्यास वाहन नव्हते. त्यास छायाचित्र व दाखला हवा होता, आणि अनेकांपाशी साधा फोन तेवढा होता. आपला जिल्हा धानाचा. कापणी-मळणी आटोपली की ज्याला दुबार पिकाचे पाणी नाही तो हातास काम शोधीत बाहेर पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मजूर दरवर्षी मिरचीच्या तोडणीसाठी तेलंगणात जातात. २०२० च्या मार्चमध्ये ते तेथेच अडकले. तोडणी संपली, मजुरी थांबली, आणि तीन-चार नद्या व तितकेच नाके ओलांडून पुष्कळजण पायी निघाले. त्याच सुमारास नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोलीवरून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने छत्तीसगड, झारखंड व ओडिशाकडील मजुरांचे तांडे जात होते. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि पायांखाली वैशाखातला डांबरी रस्ता! हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरणे शक्य नाही.

अखेर २९ एप्रिल रोजी अडकलेले मजूर, यात्रेकरू, विद्यार्थी व इतर लोक यांना आपापल्या गावी जाण्याची अनुज्ञा केंद्र सरकारने दिली. तीतही अट अशी की, पाठविणारे राज्य व स्वीकारणारे राज्य या दोहोंची संमती असावी, निघताना तपासणी व्हावी, आणि पोहोचल्यावर चौदा दिवस विलग राहावे. म्हणजे जाऊ देणारा राजी हवा आणि येऊ देणाराही राजी हवा. १ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियास पहिली श्रमिक रेल्वे निघाली. हाच दिवस महाराष्ट्राच्या स्थापनेचा, हाच गोंदिया जिल्ह्याच्या निर्मितीचा, आणि ख्रिस्तसभेच्या पंचांगात हाच श्रमिक संत योसेफाच्या सणाचा. ज्या दिवशी आपल्यावर रेघ ओढली गेली, त्याच दिवशी श्रमिकांसाठी पहिले दार किलकिले झाले, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते.

ते दार सर्वांसाठी वेळेवर उघडले नाही. बालाघाट-मंडल्याच्या पलीकडील उमरिया व शहडोल जिल्ह्यांचे काही मजूर जालन्यास पोलादाच्या कारखान्यात कामास होते. परवान्यासाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे त्यांच्यातील वाचलेल्यांनी पुढे सांगितले. रेल्वेच्या रुळांनी चालत ते निघाले आणि थकून रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाड येथे मालगाडीखाली त्यांतील सोळा जण मरण पावले.

पवित्र शास्त्राच्या वाचकास परवाना मागणारी माणसे अपरिचित नाहीत. गणना या पुस्तकात मोशे कादेशहून अदोमाच्या राजाकडे दूत पाठवितो. आम्ही शेतांत वा द्राक्षमळ्यांत शिरणार नाही, राजमार्गाने सरळ निघून जाऊ, पाणी प्यालो तर त्याचे मोल देऊ, एवढे नम्र त्याचे मागणे होते. अदोमाने नकार दिला आणि इस्राएलास दुसऱ्या वाटेने वळावे लागले. उलट नहेम्या राजाच्या पदरी प्यालेबरदार होता. त्याने नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, ती त्यास मिळाली, शिवाय संगतीला घोडेस्वारही मिळाले. दोघेही आपल्या पूर्वजांच्या भूमीकडेच निघाले होते; परंतु एकाची राजदरबारी ओळख होती, दुसऱ्याच्या मागे वाळवंटातून आलेला जमाव होता. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या महामार्गावरूनही नहेम्या मोटारीतून गेला आणि इस्राएल पायी गेले.

चर्चची दारेही त्याच वेळी मिटलेली होती. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण भाविकांनी घरीच पाळला. त्यापूर्वी २७ मार्चच्या सायंकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या निर्मनुष्य चौकात उभे राहून जगास आशीर्वाद दिला होता. अंत्यविधीस वीसच माणसांची मर्यादा होती. पलीकडच्या जिल्ह्यातील लेकीस आईच्या मातीला पोहोचण्यासाठी आधी मंजुरीची वाट पाहावी लागे, आणि माती काही मंजुरीसाठी थांबत नाही. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास ३१ ऑगस्टच्या आदेशाने सप्टेंबरपासून बंद झाला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, तो पुन्हा सुरू झाला आणि जूनपर्यंत कोठे कमी कोठे अधिक चालला.

दार लावूनही मनुष्यास एकटे न सोडण्याचा धडा ख्रिस्तसभेस ठाऊक आहे. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला व लोकांना घरांत कोंडून घ्यावे लागले, तेव्हा आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेदी उभारविल्या, म्हणजे खिडकीत उभे राहून प्रत्येकास मिस्साबलिदान दिसावे. त्यांनी बंदी मोडली नाही. बंदीच्या आत माणसापर्यंत पोहोचण्याची वाट काढली. साथीच्या काळातील राज्यकर्त्यांसाठी आणि धर्मसेवकांसाठीही याहून उत्तम दृष्टांत आम्हांस दुसरा दिसत नाही.

आता ज्या निमित्ताने हा अंक निघत आहे, त्या शब्दाकडे वळू. ज्युबिली म्हणजे पवित्र शास्त्रातील योबेल वर्ष. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा जो नियम सांगितला आहे, त्यात रोषणाई नाही, मिरवणूक नाही. शिंग फुंकावे, देशभर मुक्ती पुकारावी, आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावे, हा त्याचा गाभा आहे. घरी परतणे ही तेथे मेहेरबानी मानलेली नाही. देवाने ठरविलेला तो हक्क आहे. त्या हक्काला साथीच्या दिवसांत थांबावे लागेल, हे आपण मान्य करू. परंतु ज्याला थांबविले त्याच्या भाकरीची, निवाऱ्याची आणि परतीच्या तारखेची जबाबदारी थांबविणाऱ्यावर येते. ती न घेता लावलेले दार रोगास अडविते की नाही कोण जाणे. गरिबास मात्र हमखास अडविते.

साथी पुन्हा येतील. १८९७, १९१८ व २०२० यांच्याकडे पाहून तसे न मानण्यास आधार नाही. त्या वेळी वैनगंगेच्या पुलावर पुन्हा नाका बसेल. तेव्हा आपल्या धर्मग्रामाने दोन कामे शिरावर घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे: ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, आणि ज्याचा अर्ज मंजूर होत नाही त्याला शाळेच्या ओसरीत जागा द्यावी. एवढे घडले, तर आपली ज्युबिली साजरी झाली असे म्हणता येईल.