अपकीर्तीचा वारसा

शिक्षेचे दोन प्रकार इतिहासात सर्वत्र आढळतात. एकात अपराध्याच्या देहाला वा द्रव्याला झळ पोचते; दुसऱ्यात चारचौघांत त्याची लाज काढली जाते. तोंडाला काळे फासून गाढवावरून धिंड काढणे आणि वाळीत टाकणे हे दुसऱ्या प्रकारातले. दंड भरला की फिटतो, कैद भोगली की सरते. लाज मात्र अपराध्याबरोबर घरी येते आणि मुलाबाळांच्या वाट्याला जाते.

याचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. खानवेलची साकरतोड नदी दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणपाशी समुद्राला. त्या दमणमध्ये १६७३ साली शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, आज्ञेने पकडण्यात आले. जानेवारी १६७६ मध्ये गोव्याच्या रस्त्यांतून इतर कैद्यांसह त्याला अनवाणी मिरवण्यात आले. पुढे सुटका झाल्यावर त्याने १६८७ साली आपली हकिगत प्रसिद्ध केली. जाळून मारलेल्यांची चित्रे चर्चमध्ये टांगली जात आणि त्याखाली अपराध्याच्या नावाबरोबर त्याच्या बापाचेही नाव लिहिले जाई, असे तो सांगतो. मेलेल्याला त्या चित्राचे काय? ते होते मागे राहिलेल्यांसाठी. दोषी ठरलेल्यांच्या मुलानातवंडांना मानाचे हुद्दे बंद होत. आपला नगर हवेलीचा मुलूख १७८३ साली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हाही गोव्याचे हे न्यायालय चालू होते. ते कायमचे उठले १८१२ साली.

परंतु परक्यांच्या नावाने बोटे मोडून आपली सुटका होत नाही. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीने वाळीत टाकले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. दोष मानलाच तर तो पित्याचा. मुंज नाकारली गेली ती मुलांची. ‘संन्याशाची पोरे’ हे नाव निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांना चिकटले. त्या मुलांची थोरवी आपण गातो. ज्या गावाने त्यांना दाराबाहेर ठेवले, त्या गावाविषयी मात्र फारसे बोलत नाही.

सहा शतकांनंतरही रीत तीच होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांना घरात थारा देणाऱ्या घरच्यांनाही वाळीत टाकण्याचे ठरविले. पुनर्विवाह कर्व्यांनी केला होता. त्यांच्या वृद्ध आईने कोणता अपराध केला होता?

ही रीत शाळेतही शिरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही चौथीत असताना वर्गाच्या वर्गणीतील काही पैसे नाहीसे झाले. एका वर्गमित्रावर संशय आला. ‘चोर’ असे लिहिलेली पाटी गळ्यात अडकवून त्याला शाळेच्या दाराशी उभे करण्यात आले. इतरांना धडा मिळावा, हा गुरुजींचा हेतू. धडा आम्हाला मिळाला खरा, पण निराळाच. दुसऱ्या दिवशी त्याची धाकटी बहीण शाळेत आली, तेव्हा मधल्या सुट्टीत सर्वांनी तिला ‘चोराची बहीण’ म्हणून हाक मारली. त्यात आमचाही आवाज होता. आठवड्याभरात दोघे भावंडे शाळेत येईनाशी झाली. पुढे ते पैसे हजेरीपटातच सापडले. गुरुजींना फार वाईट वाटले. परंतु हे सांगण्यासाठी कोणी सारी शाळा गोळा केली नाही. लाज चव्हाट्यावर काढली जाते. निर्दोषपण मात्र हळू आवाजात कळविले जाते.

कायदा आता पुढे गेला आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यामुळे कायद्याचे मोल आम्ही जाणतो, आणि त्याची मर्यादाही. मधल्या सुट्टीतील हाक कोणत्याही कलमात सापडत नाही. ती मुले घरातूनच शिकून येतात.

आपल्या वडीलधाऱ्यांनी या मुलखात येऊन घरे मांडली आणि अब्रूला जपले, ते योग्यच झाले. पण अब्रू जपणे आणि दुसऱ्याची अब्रू घेणे यांतील अंतर पुढच्या पिढीला सांगणे आपल्याकडे आहे. खानवेलच्या परिसरात वारली-कोकणांच्या काही घरांत शाळेची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहे. अशा मुलाला शाळेकडे पाठ फिरविण्यास अपमानाचा एक दिवस पुरतो. तेव्हा एखाद्याच्या बापाचे वा भावाचे नाव ओसरीवर निघाले, तर तेथे आपली नातवंडे बसली आहेत, एवढे तरी ध्यानी असावे.

त्या वर्गमित्राची भेट आम्हाला पुन्हा झाली नाही. झाली असती, तर प्रथम त्याच्या बहिणीची चौकशी केली असती.