निळं पाणी, विटकरी पाणी

भाचीला बाराव्या वर्षी मधुमेह निघाला. आधीचे तीन आठवडे ती तांब्याच्या तांब्या पाणी पीत होती, रात्री चारदा उठत होती, गणवेश सैल झाला होता. आम्ही परीक्षेच्या टेन्शनवर बोट ठेवून मोकळे. इन्शुलिन सुरू झालं आणि आठ दिवसांत पोरगी टवटवीत. ताईनं मला बाजूला घेतलं. "आता बरी आहे ना, मग कुणाला सांगू नकोस. उद्या लग्नाचं बघायचंय."

तेव्हापासून एलिझाबेथ ह्यूजविषयी मिळेल ते वाचतोय. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. 1919 मध्ये, अकराव्या वर्षी तिचं निदान झालं. तेव्हाचा उपचार म्हणजे उपासमार. ऑगस्ट 1922 मध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा पंधरावं लागत होतं आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. इन्शुलिन मिळालं. लग्न, तीन मुलं, मृत्यू 1981 मध्ये. आजार तिनं जवळची माणसं सोडता जन्मभर लपवला. परराष्ट्रमंत्र्याची मुलगी काय, आमची काय!

पण सगळेच एवढे नशीबवान नव्हते. इन्शुलिनपूर्वी अशी मुलं वर्षा-दोन वर्षांत जात, त्यामुळे वीस वर्षं साखर अंगात राहिली तर काय होतं, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. आता ती जगली आणि मग दिसू लागलं. 1936 मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचं वर्णन केलं. त्यांचे रुग्ण बहुतेक उतारवयातले. पुढं मात्र लहानपणी आजार जडलेल्या ऐन तिशीतल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ लागले.

तोवर घरोघरी तपासणी व्हायची ती लघवीची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर वाढती. मेख अशी, की रक्तातली साखर साधारण 180 च्या वर जाईपर्यंत मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे दिवसभर 170 असली तरी पाणी निळंशार, घर निर्धास्त, आणि आत बारीक रक्तवाहिन्यांची झीज चालूच.

साखर ताब्यात ठेवल्यानं हे टळतं का, यावर डॉक्टरांचंच कित्येक दशकं एकमत नव्हतं. 1960 च्या दशकाअखेर तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन सापडलं. त्यातून दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी चाचणी आली. मग 1983 पासून अमेरिका आणि कॅनडात 13 ते 39 वयाच्या 1,441 जणांवर अभ्यास झाला. 1993 चा निकाल: काटेकोर उपचार घेणाऱ्यांत डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी. किंमतही होती. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग त्यांच्यात तिपटीनं जास्त.

ताईला हे सगळं सांगितलं. "तू घाबरवतोस," म्हणाली. वर्षभर बोलणं तुटक.

भाची आता सतराची आहे. पाच वर्षं झाली म्हणून मागच्या महिन्यात डोळ्यांचा पडदा तपासायला तिघं गेलो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून ती डोळे मिटून बाकावर बसली होती, तर नेमक्या शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, काय झालं डोळ्यांना?"

"नंबर तपासायचाय," ताई घाईनं म्हणाली.

"नाही काकू, डायबेटिस आहे मला," भाची डोळे न उघडता म्हणाली. "मामा, आपला नंबर आला का बघ ना."