एका गावाची टेप दुसऱ्या गावात

सप्टेंबर १९७३. तुम्ही स्विंडनमध्ये आहात, लंडनच्या पश्चिमेला, रेल्वे कारखान्याच्या गावात. भोंगा वाजलाय आणि कामगारांची रांग फाटकातून बाहेर पडतेय. तुमच्या खांद्याला सोनीचा पोर्टापॅक लटकतोय. आठ-नऊ किलोंचं ते धूड पट्टा रुतवत खांदा सोलून काढतंय. हातातल्या कॅमेऱ्यापासून यंत्रापर्यंत जाड वायर आहे. ती पायात येऊ नये म्हणून तुम्ही जरा फेंगडे चालता. टेप अर्ध्या इंचाची, चित्र कृष्णधवल, आणि एका रिळात मावतो फक्त अर्धा तास. त्यामुळे बटण दाबण्याआधी समोरच्याला दोनदा विचारता, ‘नक्की काय सांगायचंय?’

समोरचा माणूस फिटर आहे. आयुष्यात त्याला कुणी टीव्हीवर बोलायला बोलावलेलं नाही. तुम्हालाही कुठे बोलावलं होतं! मुंबई दूरदर्शनला येत्या २ ऑक्टोबरला जेमतेम वर्ष पूर्ण होईल. तिथे कॅमेऱ्याला हात लावायचा तर सरकारी नोकरीच हवी. इथे मात्र ‘स्विंडन व्ह्यूपॉइंट’ नावाचं केबलवरचं केंद्र नुकतंच सुरू झालंय. गावातल्या कुणीही यावं, यंत्र शिकून घ्यावं आणि कार्यक्रम करावा, अशी त्याची रीत. पैसा ईएमआय कंपनीचा, गोष्टी गावाच्या.

अशी पाच केंद्रं देशात निघताहेत. १९७२ च्या जुलैत ग्रीनिचने सुरुवात केली. ब्रिस्टल, शेफील्ड आणि स्विंडन यंदाची, वेलिंगबरो पुढच्या वर्षी यायचंय. डोंगरउतारामुळे किंवा उंच इमारतींमुळे जिथे अँटेनावर चित्र धड येत नव्हतं, तिथे कंपन्यांनी आधीच केबल टाकलेली होती. त्याच केबलवर गावाचा स्वतःचा कार्यक्रम दाखवायची परवानगी टपाल आणि दूरसंचार खात्याचे मंत्री ख्रिस्तोफर चॅटवे यांनी दिली. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पळून दाखवला, तेव्हा त्याच्यापुढे वेग धरून धावणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे हेच चॅटवे. परवाना मात्र त्यांनी हात आखडूनच दिला. कार्यक्रम स्थानिकच हवेत, जाहिराती चालणार नाहीत, सिनेमे दाखवायचे नाहीत.

आता फिटरची मुलाखत असलेलं रीळ पिशवीत टाका आणि ब्रिस्टलची गाडी पकडा. एकाच रेल्वेमार्गावरची दोन शहरं. ब्रिस्टलच्या रेल्वे कामगारालाही त्या फिटरचं बोलणं ऐकावंसं वाटेल, असं तुमच्या मनात आहे. टेंपल मीड्स स्टेशनावर उतरता उतरता एकेक अडचण ध्यानात येते. या दोन केंद्रांना जोडणारी तारच नाही, टेप हातानेच न्यायची. बाजारात टेप वेगवेगळ्या मापांच्या: अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. एका मापाचं रीळ दुसऱ्या मापाच्या यंत्रावर बसत नाही. नक्कल काढावी तर कोरी टेप महाग. पैशांअभावी जुनी टेप पुसून तिच्यावरच नवं चित्रण करायची पद्धत सर्रास आहे. त्यात परवान्यातला ‘स्थानिक’ हा शब्द. शेजारच्या शहराची गोष्ट आपल्या केबलवर दाखवली तर ती स्थानिक धरायची का? माझं मत विचाराल तर ती धरायलाच हवी होती. ज्या गावात कारखाना आहे, त्याला दुसऱ्या कारखान्याची बातमी परकी कशी? पण पाचही केंद्रं आपापल्या केबलच्या टोकाशी संपत होती.

दोन-तीन वर्षं पुढे सरका. ब्रिस्टल बंद पडलंय. वेलिंगबरो आणि शेफील्डचंही तेच झालं. स्विंडनमधून ईएमआय बाहेर पडते आणि १९७६ मध्ये केंद्र गावाच्या हाती येतं, किंमत एक पौंड. गावकरी लॉटरीची तिकिटं विकून ते चालवू बघतात. त्याच वर्षाच्या अखेरीस मिल्टन कीन्समध्ये पोस्ट खात्याच्या मदतीने ‘चॅनल ४०’ उघडतं आणि १९७९ मध्ये मिटतं.

लंडनच्या थिओबाल्ड्स रोडवर मात्र थोडं थांबा. इथे ‘फँटसी फॅक्टरी’ आहे. जॉन हॉपकिन्स आणि स्यू हॉल यांनी उभी केलेली. हॉपकिन्सना सगळे ‘हॉपी’ म्हणतात. पाऊण इंचाच्या यू-मॅटिक कॅसेटची दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवलीत. डावीकडे मूळ चित्रण, उजवीकडे कोरी कॅसेट. नेमकी जागा सापडेपर्यंत तुम्ही चकती मागेपुढे फिरवता. दोन्ही यंत्रं काही सेकंद मागे जातात, एकदम धावू लागतात, आणि ठरल्या क्षणी उजवीकडचं यंत्र टिपायला सुरुवात करतं. एक जोड जमला की पुढचा. भाडेकरूंच्या संघटना आणि गल्लीतली मंडळं परवडणाऱ्या दरात इथे येऊन हे काम करतात. यातली एक गोष्ट हाताला कळते: इथला प्रत्येक जोड म्हणजे नक्कल, आणि नकलेची नक्कल केली की चित्र कार्बन पेपरखालच्या चौथ्या प्रतीसारखं फिकट होत जातं. टेप वाटायची असेल तर मूळ प्रत जिवापाड जपावी लागते आणि कमीत कमी पायऱ्यांत वाटप करावं लागतं.

हा धडा पुढे कामाला आला, आणि तोही जिथे कुणाकडे केंद्र नव्हतं तिथे.

१९८४, दक्षिण यॉर्कशायरमधलं एक खाणगाव. मार्चपासून संप चालू आहे. खाणकामगारांच्या सभागृहातल्या स्वयंपाकघरात तुम्ही बटाटे सोलताय. बायकांनी चालवलेलं हे सामुदायिक जेवणघर रोज पंगती उठवतंय. सगळ्यांची एकच तक्रार: टीव्हीवर दगडफेक दिसते, आमचं म्हणणं दिसत नाही. दुपारी कुणीतरी कागदात गुंडाळलेली व्हीएचएस कॅसेट घेऊन येतं. भांडी बाजूला सरतात आणि टेबलावर टीव्ही चढतो.

ती कॅसेट ‘मायनर्स कँपेन टेप्स’ या मालिकेतली. देशभरातल्या स्वतंत्र फिल्म आणि व्हिडिओ गटांनी एकत्र येऊन ती केली. गेट्सहेडची ‘ट्रेड फिल्म्स’, लंडनची ‘प्लॅटफॉर्म फिल्म्स’ आणि कार्डिफचं ‘चॅप्टर’ हे त्यांतले काही. प्रत्येकाने आपापल्या भागातलं चित्रण सामायिक साठ्यात दिलं, त्यातून सहा छोट्या टेप तयार झाल्या आणि खाणकामगारांमध्ये वाटल्या गेल्या. ब्रिटनमध्ये तोवर घरोघरी व्हीसीआर आले होते, बरेचसे भाड्याचे. म्हणजे वेल्समधली बाई यॉर्कशायरच्या सभागृहात बोलू शकत होती, तेही कुठल्याच वाहिनीच्या परवान्याशिवाय.

आज लागलेली टेप बायकांवर आहे, ‘नॉट जस्ट टी अँड सँडविचेस’. पडद्यावरच्या बायकाही जेवणघर चालवतात, सभांत बोलतात, मोर्च्यात जातात. तुमच्या शेजारची बाई ओल्या हातांनीच उभी आहे. ‘ही आपलंच बोलतेय की!’ ती म्हणते. संपल्यावर टेप पुन्हा मागे गुंडाळून लावतात. मग प्रश्न एकच, उद्या ती कुठल्या गावाला द्यायची. ३ मार्च १९८५ रोजी संप मोडला, मागण्या काही पदरात पडल्या नाहीत. टेपना मात्र त्याच वर्षी माहितीपटांसाठीचा ग्रिअर्सन पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या डीव्हीडीवर आणल्या. आज त्या पाहता येतात, याचं मोठं कारण मला दिसतं ते हे, की प्रती अनेक हातांत होत्या.

एकदम २०१४ मध्ये या. ग्रिम्सबीत मागच्या नोव्हेंबरला नव्या पिढीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालंय, मार्चअखेर ‘लंडन लाइव्ह’ येतंय. प्रक्षेपणाच्या उभारणीसाठी बीबीसीच्या परवाना शुल्कातून अडीच कोटी पौंड ठेवलेत. चॅटवेंच्या काळात नसलेला रस्ता आता आहे. तरी पुढे काय झालं? बरेचसे परवाने एकाच कंपनीच्या हाती गेले आणि अनेक गावांच्या पडद्यावर तेच ते कार्यक्रम दिसू लागले. ‘लंडन लाइव्ह’ जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं. एकच कार्यक्रम वीस गावांना पाठवणं याला मी देवाणघेवाण म्हणणार नाही. देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंनी टेप जावी लागते आणि घेणाऱ्या गावाला ‘ही नको, ती द्या’ म्हणता यावं लागतं.

आता आजच्या तारखेला, तुमच्या घरी. तुम्ही ब्रिटनमध्ये राहणारे मराठी असाल तर तुमच्या मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेटचं खोकं नक्की असेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. इतर शहरांतली मंडळं नंतरची, पण गणेशोत्सव, हौशी नाटकं, पाहुण्यांची भाषणं ऐंशीच्या दशकापासून व्हीएचएसवर उतरलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांची एकच प्रत असणार. चुंबकीय टेप झिजते, चिकट होते, आणि ती चालवणारी यंत्रं व सुटे भाग आता बनतच नाहीत. टेप वाचवायला २०२५ च्या पुढे फारसा वेळ उरणार नाही, असा इशारा ध्वनिचित्र संग्रहपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोबरोबर २०१९ मध्येच दिला होता. गोल्डस्मिथ्स विद्यापीठाशी जोडलेला ‘लंडन कम्युनिटी व्हिडिओ आर्काइव्ह’ सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अशाच टेप जमवतो. मँचेस्टर, यॉर्क आणि लिंकनमध्ये प्रादेशिक चित्रसंग्रह आहेत.

तेव्हा या गणपतीच्या आधी ते खोकं उघडा. बुरशी दिसली तर टेप यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. प्रत्येक कॅसेटवर गाव, साल आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावं लिहा. त्यांतले जे हयात आहेत त्यांची परवानगी घ्या. डिजिटल प्रत काढली की एक संग्रहाला द्या, आणि एक शेजारच्या शहरातल्या मंडळाला पाठवून त्यांच्याकडची एक मागून घ्या.