ऋणनिर्देशाबाहेरचे नाव : सायंटिफिक लिनक्सची वीस वर्षे

३० जून २०२४ रोजी ‘सायंटिफिक लिनक्स’च्या सातव्या, म्हणजे अखेरच्या आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. मे २००४ मध्ये सुरू झालेला एक प्रवास वीस वर्षांनी संपला. या काळात भौतिकशास्त्रात जे मोठे शोध लागले, त्यांतील कित्येकांची आकडेमोड ज्या यंत्रांवर झाली त्या यंत्रांवर ही प्रणाली चालत होती. ती वापरणारे संशोधक तिच्याविषयी अजूनही आपुलकीने बोलतात. ही आपुलकी कशातून निर्माण झाली आणि इतके प्रेम लाभूनही ती प्रणाली का टिकली नाही, हे समजून घेणे भारतातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीही महत्त्वाचे आहे.

प्रथम ‘लिनक्स वितरण’ म्हणजे काय ते पाहू. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा केवळ गाभा आहे. त्याभोवती कंपाइलर, गणिती लायब्ररी, फाइल हाताळणारी साधने आणि जाळ्याशी जोडणाऱ्या आज्ञावल्या अशी हजारो अंगे जमवावी लागतात. ती एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासावे लागते आणि त्यांत सापडलेले दोष वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहावे लागते. हे सारे करून वापरण्यायोग्य स्वरूपात जो संच लोकांच्या हाती दिला जातो, त्याला वितरण म्हणतात. संच एकदा जमवणे तुलनेने सोपे असते. तो दहा वर्षे सांभाळणे हे खरे काम.

कणभौतिकीला असा सांभाळलेला संच का हवा होता? मोठ्या प्रयोगात हजारो संशोधक असतात आणि त्यांच्या संस्था अनेक खंडांत विखुरलेल्या असतात. जिनिव्हात कंपाइल केलेली आज्ञावली कोलकात्यातही जशीच्या तशी चालली पाहिजे आणि तिचे उत्तरही तेच आले पाहिजे. ही दुसरी अट वाटते त्यापेक्षा कठीण आहे. घातांकी किंवा त्रिकोणमितीय फल काढणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की उत्तराच्या अगदी शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. यादृच्छिक संख्यांवर आधारलेल्या सिम्युलेशनमध्ये एखाद्या निर्णयबिंदूवर तेवढ्या फरकाने वेगळी वाट धरली, तर त्यापुढील संपूर्ण घटनाक्रम बदलतो. सांख्यिकीय निष्कर्ष कदाचित तोच राहील. पण दोन केंद्रांतील निकाल ताडून पाहणाऱ्याला हा फरक भौतिकशास्त्रातला आहे की संगणकातला, हे सांगता येणार नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांतील महागड्या युनिक्स यंत्रांची जागा साध्या पीसींच्या रांगा घेऊ लागल्या. अमेरिकेतील फर्मीलॅबने त्यासाठी रेड हॅट या कंपनीच्या वितरणावर आधारित ‘फर्मी लिनक्स’ तयार केले. युरोपातील सर्न प्रयोगशाळेनेही आपल्या गरजेनुसार तसाच बदललेला संच वापरात आणला. मग २००३ मध्ये रेड हॅटने आपले मोफत वितरण बंद करून सशुल्क ‘एंटरप्राइज’ आवृत्तीवर भर देण्याचे ठरवले. जुन्या वितरणाचा आधार एप्रिल २००४ मध्ये संपणार होता. लार्ज हॅड्रॉन कोलायडरची उभारणी तेव्हा चालू होती आणि हजारो यंत्रांची खरेदी व्हायची होती. प्रत्येक यंत्रामागे वर्गणी भरणे विद्यापीठांना परवडणारे नव्हते.

वाट सापडली ती मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांमुळे. एंटरप्राइज आवृत्तीतील घटकांची मूळ संहिता रेड हॅट सर्वांसाठी खुली ठेवत असे. ती घ्यावी, कंपनीची नावे आणि बोधचिन्हे काढावीत, प्रत्येक घटक नव्याने कंपाइल करावा आणि परिणाम मूळ आवृत्तीशी ताडून पाहावा, हे परवान्याला धरून होते. फर्मीलॅबमधील कॉनी सी आणि ट्रॉय डॉसन यांनी हे काम पुढे नेले. आरंभी या संचाचे नाव ‘हाय एनर्जी फिजिक्स लिनक्स’ असे होते. त्याचा उपयोग इतर शास्त्रांनाही व्हावा म्हणून ते ‘सायंटिफिक लिनक्स’ झाले आणि मे २००४ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. सर्नसह जर्मनीतील डेझी आणि झुरिकची ईटीएच या संस्थांचाही या कामाला हातभार लागला.

या रचनेत एक शहाणपण होते. गाभा सर्वांचा एकच. पण प्रत्येक प्रयोगशाळेला त्यावर आपली स्थानिक भर घालून स्वतःची आवृत्ती काढण्याची मुभा होती. सर्नची ‘सायंटिफिक लिनक्स सर्न’ ही आवृत्ती याच पद्धतीने निघाली. प्रयोगशाळांत लागणारी ओपनएएफएससारखी साधने मूळ संचातच असत, त्यामुळे प्रत्येक संस्थेला तीच डोकेदुखी नव्याने सोसावी लागत नसे.

वापरणाऱ्यांच्या कृतज्ञतेची कारणेही अशीच ठोस होती. पहिले कारण स्थैर्याचे. एखाद्या उपआवृत्तीवर प्रयोग सुरू असेल, तर पुढच्या उपआवृत्तीकडे न जाता केवळ सुरक्षा दुरुस्त्या घेत राहण्याची सोय या वितरणात होती. मापन अर्ध्यावर असताना पायाखालची जमीन हलणार नाही, ही खात्री संशोधकासाठी मोलाची असते. दुसरे कारण माणसांचे. हे वितरण बांधणारे हात मोजके होते आणि ते स्वतः प्रयोगशाळेत काम करणारे होते. एखाद्या छोट्या विद्यापीठातील नवख्या विद्यार्थ्याने नवे कार्ड ओळखले जात नसल्याची अडचण मांडली, की उत्तर द्यायला अनेकदा ते कार्ड स्वतःच्या केंद्रात चालवून पाहिलेला कोणी तंत्रज्ञ पुढे येई. काही वेळा वितरणाचे निर्मातेच उत्तर देत. ईपेल आणि ईएलरेपो यांसारखे स्वयंसेवकांनी चालवलेले पूरक संग्रहही या मंडळींना उपयोगी पडत. संचालकाने रात्री शोधून काढलेला उपाय दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडातील संचालकाच्या कामी येत असे.

या विश्वासाची कसोटी २०११ मध्ये लागली. रेड हॅटची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली होती. तिचीच पुनर्बांधणी करणारे, स्वयंसेवकांनी चालवलेले आणि अधिक प्रसिद्ध असलेले ‘सेंटओएस’ जुलै २०११ पर्यंत रखडले. सायंटिफिक लिनक्सची सहावी आवृत्ती मात्र मार्च २०११ मध्येच तयार होती. भौतिकशास्त्राशी काही संबंध नसलेले अनेक जण तेव्हा या वितरणाकडे वळले. कोणतीही जाहिरात न करता एका प्रयोगशाळेचे अंतर्गत साधन सार्वजनिक झाले.

या कथेत भारताचे स्थान केवळ वापरकर्त्याचे नाही. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या विदेचे विश्लेषण करणाऱ्या जागतिक संगणक-ग्रिडमध्ये ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे आहेत. त्यांपैकी सीएमएस प्रयोगासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि ॲलिस प्रयोगासाठी कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये दुसऱ्या स्तराची केंद्रे उभी राहिली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुऊर्जा विभाग आणि सर्न यांच्यातील सहकार्यातून या ग्रिडसाठी सॉफ्टवेअरही लिहिले. केंद्रांची कामगिरी एका दृष्टिक्षेपात दाखवणारे ‘ग्रिडव्ह्यू’ हे त्यांतील एक. इतक्या दूरदूरच्या यंत्रांना एकच यंत्र असल्यासारखे वापरता आले, याचे एक कारण म्हणजे त्यांवरील प्रणाली एकाच घराण्यातील होती.

४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसदृश नव्या कणाचा शोध जाहीर झाला. त्या काळात ग्रिडवर प्रामुख्याने सायंटिफिक लिनक्सची पाचवी आवृत्ती चालत होती. शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात सीएमएसने ग्रिडमधील केंद्रांचे आणि तेथील कर्मचाऱ्यांचे आभार मानले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ज्या थरावर ही केंद्रे उभी होती, तो घडवणाऱ्यांचा उल्लेख वैज्ञानिक निबंधांत क्वचितच आढळतो. वितरण सांभाळणे हे संशोधन मानले जात नाही. त्याचे संदर्भ दिले जात नाहीत आणि पदोन्नतीत ते मोजले जात नाही. आभार मनापासून मानले जातात, पण ते बोलण्यात राहतात. संस्थेच्या अंदाजपत्रकात उतरत नाहीत.

उतरणीची पावले सावकाश पडली. २०११ मध्ये ट्रॉय डॉसन रेड हॅटमध्ये रुजू झाले. जानेवारी २०१४ मध्ये सेंटओएस आणि रेड हॅट एकत्र आले, तेव्हा एकच काम दोन ठिकाणी का करायचे, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. सर्नने सातव्या आवृत्तीच्या वेळी सेंटओएसचा आधार घेतला. फर्मीलॅबने सायंटिफिक लिनक्सची सातवी आवृत्ती काढली. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने जाहीर केले की आठवी आवृत्ती निघणार नाही. ‘ड्यून’सारख्या येऊ घातलेल्या प्रयोगांत सर्व सहकारी संस्थांची प्रणाली एकच असावी, म्हणून आता सर्वांनी सेंटओएस वापरावे, असे कारण त्यांनी दिले. या वितरणाच्या आवृत्त्यांना मूलद्रव्यांची नावे अणुक्रमांकानुसार देण्याची पद्धत होती. चौथी बेरिलियम, पाचवी बोरॉन, सहावी कार्बन, सातवी नायट्रोजन. ऑक्सिजनची पाळी आलीच नाही.

हा निर्णय त्या वेळी सयुक्तिक होता, हे मान्य केले पाहिजे. मोजकी माणसे दोन समान वितरणांत विभागण्यात अर्थ नव्हता. परंतु ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद करण्याची घोषणा केली. लोकांनी ती २०२९ पर्यंत चालेल असे गृहीत धरले होते. ज्या घरात आसरा घ्यायचा तेच घर पाडले जाणार होते. त्यातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही दोन नवी वितरणे २०२१ मध्ये उभी राहिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्न व फर्मीलॅब यांनी संयुक्तपणे अल्मालिनक्सची शिफारस केली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने एंटरप्राइज आवृत्तीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली ठेवणेही थांबवले. २००४ मध्ये ज्या दारातून वाट मिळाली होती, ते दार बरेचसे लोटले गेले.

येथे खरा धडा आहे. सायंटिफिक लिनक्सचा समुदाय उदार होता, कुशल होता, कृतज्ञही होता. पण त्याचा मूळ स्रोत एका कंपनीच्या धोरणावर आणि त्याचे श्रम एका प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकावर अवलंबून होते. वापरणारे जगभर होते, सांभाळणारे मात्र एका इमारतीत. अल्मालिनक्सचा कारभार ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपवला गेला, त्यामागे हाच अनुभव आहे.

आपल्या देशाला हा प्रश्न दूरचा नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियानाला २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि सी-डॅकच्या ‘परम’ मालिकेतील यंत्रे अनेक संस्थांत बसवली गेली. त्यांतील काही यंत्रांवर सेंटओएसची सातवी आवृत्ती होती आणि तिचाही आधार त्याच ३० जून २०२४ रोजी संपला. फर्मीलॅबच्या पीआयपी-२ त्वरकाच्या उभारणीत भारताचा अणुऊर्जा विभाग सहभागी आहे. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याची विदा अनेक वर्षे साठवावी आणि पुन्हा पुन्हा तपासावी लागेल. यंत्रासाठी निधी मागताना त्यावरील सॉफ्टवेअर दहा वर्षे कोण सांभाळणार, याचे उत्तर प्रस्तावात असायला हवे. तो खर्च संशोधनाचाच खर्च आहे.

विद्यार्थ्यांच्या हातातही बरेच काही आहे. आपण वापरतो त्या वितरणातील दोष नीट पुनरावृत्तीसह नोंदवणे, नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी आपल्या यंत्रावर तपासणे, सूचनापुस्तिका मराठीत किंवा अन्य भारतीय भाषांत आणणे, आपल्यानंतर आलेल्या नवख्याला न हिणवता उत्तर देणे आणि प्रबंधात वापरलेल्या प्रणालीचे नाव आवृत्तीसह लिहिणे, यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. शेवटची गोष्ट तर पुनरुत्पादनक्षम विज्ञानाची किमान अटच आहे.

सायंटिफिक लिनक्स पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. सीएमएस प्रयोगाने हिग्जच्या शोधाच्या काळातील विदा सर्नच्या खुल्या दालनात ठेवली आहे. भारतातील कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थी ती आज विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. तेव्हाची विश्लेषण-आज्ञावली मात्र आजच्या प्रणालीवर थेट चालत नाही. त्यासाठी जुने वातावरण जपून ठेवलेला कंटेनर उघडावा लागतो. त्यात प्रणालीचे नाव विचारले, की उत्तर येते : सायंटिफिक लिनक्स सर्न, आवृत्ती सहा, कार्बन. हे विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्प-अहवालाच्या ऋणनिर्देशात ते नाव जरूर लिहावे.