आमच्या मुलखांतील घर आणि पाऊस



शतसांवत्सरिक महोत्सवाच्या स्मरणिकेंत आजवरच्या धर्मगुरूंची नामावळी, पहिल्या मिस्सेची हकीकत व देणगीदारांच्या याद्या असाव्या अशी रीत आहे. आणि त्या सर्व गोष्टी आपणांस ह्या पुस्तिकेंत अन्यत्र सांपडतील. आम्हीं मात्र ह्या लेखांत निराळाच इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ज्या भिंतींच्या आंत आपण राहतों व प्रार्थना करतों, त्या भिंती आपल्या ह्या ठाणें-कल्याणच्या मुलखांत कशा बांधल्या गेल्या, कां टिकल्या व कां बिघडल्या, ह्याचा तो इतिहास होय. विषय रुक्ष वाटेल. परंतु महोत्सवाची सांगता होण्यापूर्वीं जुना धर्मगुरुनिवास व नवें सभागृह ह्यांविषयीं आपणां सर्वांस एक निर्णय घ्यावयाचा आहे, आणि मागचें न जाणतां घेतलेला निर्णय बहुधा महाग पडतो. आम्हांस त्याचा स्वतः अनुभव आहे. तो पुढें सांगूंच.

आपला मुलूख पावसाचा. सह्याद्रि व समुद्र ह्यांच्यामधील ह्या चिंचोळ्या पट्टींत जूनपासून सप्टेंबरपर्यंत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. आणि चैत्र-वैशाखांत ऊन व खाडीचा दमटपणा एकत्र होऊन जीव कासावीस होतो. घर बांधणारास येथें तीन शत्रू आहेत: वरून येणारें पाणी, जमिनींतून चढणारी ओल आणि दुपारनंतरचें पश्चिमेचें ऊन. मित्र एकच, तो समुद्राकडून येणारा वारा. पंचाईत अशी कीं, मित्र ज्या दिशेनें येतो त्याच दिशेनें पाऊस व ऊन हे दोघेही येतात. वाऱ्यास आंत घ्यावें व त्याच्या सोबत्यांस बाहेर ठेवावें, एवढेंच काय तें आपल्याकडील घरबांधणीचें सारें शास्त्र.

आपल्या पूर्वजांनीं तें शास्त्र पुस्तकांवांचून साधिलें होतें. जोतें उंच घ्यावें, म्हणजे ओल चढत नाहीं. छप्पर उतरतें ठेवून त्याच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पाडाव्या, म्हणजे भिंत भिजत नाहीं. पुढें ओटी व मागें पडवी ठेवावी, म्हणजे ऊन व झड ओटीवरच थबकते आणि माजघरांत पोंचतो तो केवळ वारा. गरिबाच्या घरीं कारवीचा कुड व त्यावर शेणमातीचें लिंपण असे. ज्यास ऐपत होती तो दगड, वीट व चुना वापरी. छपरावर प्रथम कुंभारानें घडविलेलीं नळीचीं कौलें असत. पुढें १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत खांचणीनें बसणारीं तीं सपाट कौलें कोंकणभर पसरलीं. ह्याच सुमारास आगगाडीही आपल्या दारांत आली. ती १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास व १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचली होती. तेव्हांपासून दूरचा माल येथें येणें सोपें झालें, आणि घर कशाचें बांधावें ह्याचा निर्णय हळूहळू गांवच्या मातीकडून बाजाराकडे गेला.

चुन्याची महती ज्यास पाहावयाची असेल त्यानें वसईच्या किल्ल्यांत जावें. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. त्या किल्ल्यांतील आमच्या देवळांचीं छपरें केव्हांच नाहींशीं झालीं. उघड्या भिंतींवर तेव्हांपासून कित्येक पावसाळे कोसळले, तरी अनेक भिंती अद्याप उभ्या आहेत. चुनखडी किंवा शिंपले भाजून, ती कळी पाण्यांत विझवून व बैलांच्या घाणींत वाळूसह मळून तो चुना तयार होई. भाजतांना चुनखडींतून जो कर्बवायु बाहेर पडतो, तोच वायु भिंतींतला चुना सुकतां सुकतां हवेंतून पुन्हा शोषून घेतो व हळूहळू दगडासारखा होतो. शिवाय चुन्याची भिंत सच्छिद्र असते. पावसाळ्यांत तिनें थोडी ओल घेतली तरी उन्हाळ्यांत ती बाहेर टाकते.

येथें आम्हांस आमच्या चुकीची कबुली दिली पाहिजे. आम्ही ह्या धर्मग्रामांत आलों तेव्हां जुन्या धर्मगुरुनिवासाचा गिलावा कोठें कोठें सुटला होता. चुन्याचें काम करणारा गवंडी शोधण्याचे कष्ट आम्हीं घेतले नाहींत. सर्व भिंतींस बाहेरून व आंतून सिमेंटचा गिलावा व त्यावर तैलरंग चढविला. काम तुळतुळीत झालें. आपण सर्वांनीं त्याची स्तुति केली, आणि आम्हीं ती आनंदानें ऐकून घेतली. दोन पावसाळे गेले. पूर्वीं ओल वीतभर चढे, ती आतां छातीपर्यंत आली. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचें कपाट भिंतीपासून हलवावें लागलें, आणि त्यांतील दोन वह्यांच्या कडा बुरशीनें खाल्ल्या त्या खाल्ल्याच. अखेर आपल्याच धर्मग्रामांतील एक वृद्ध गवंडी आले. त्यांनीं भिंतीवर बोटानें टकटक केलें आणि म्हणाले, "फादर, भिंतीला घाम येतो तो बाहेर पडायला वाट लागते. तुम्ही तिचं तोंड बांधलंत." सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान मिळून कित्येक वर्षें शिकलों, पण हें एक वाक्य तेथें कोणी शिकविलें नव्हतें. तो पैसा उपवासकाळांत आपण पोटास चिमटा घेऊन दिलेला होता. हिशेबाच्या वहींत तो 'दुरुस्ती' ह्या सदराखालीं लिहिलेला आहे. ती दुरुस्ती नव्हती, हें आज आम्ही येथें नमूद करून ठेवतों.

म्हणून सिमेंट वाईट व चुना चांगला, असा कोणी अर्थ काढील तर तोही आमच्यासारखाच घाईचा ठरेल. सिमेंटची भट्टी सुमारें १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, चुन्याच्या भट्टीस ९०० अंशांच्या आसपास उष्णता पुरते; आणि मनुष्याच्या उद्योगांमुळें जगांत जो कर्बवायु हवेंत जातो त्यांतील शेंकडा ७ ते ८ भाग सिमेंटच्या उत्पादनांतून येतो, हें खरें. तेव्हां तें जपून वापरावें हें उघड आहे. परंतु आपल्या भागांत लोकवस्ती अशी वाढली आहे कीं, सर्वांनीं ओटी-पडवीच्या घरांत राहावें हें आतां शक्य नाहीं. मग नव्या काळांत, नव्या सामानानें, तें जुनें शास्त्र पाळतां येतें काय? येतें, असें ज्यांनीं बांधून दाखविलें ते वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया आपल्या निकटचेच होत.

कोरिया ह्यांचा जन्म १९३० मध्यें सिकंदराबादेस, गोव्याहून आलेल्या कॅथलिक घराण्यांत झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत व पुढें अमेरिकेंत शिक्षण घेऊन त्यांनीं १९५८ मध्यें मुंबईंत आपला व्यवसाय थाटला. अहमदाबादेस साबरमती आश्रमांतील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची आरंभींची कृति १९६३ मध्यें पूर्ण झाली. विटांचे खांब, वर कौलें, मध्यें मोकळे चौक, आणि कांचेच्या खिडक्यांऐवजीं लांकडी झडपा. ज्या महात्म्याचें तें स्मारक त्याच्या राहणीस शोभेल असेंच तें आहे.

दादरचें आपलें साल्व्हेशन चर्च, ज्यास लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात, तें त्यांनींच १९७० नंतरच्या दशकांत नव्यानें बांधिलें. तें काँक्रीटचें आहे. परंतु आंत गेल्यावर कांहीं भाग छताखालीं, कांहीं अर्धे झांकलेले व कांहीं आकाशास उघडे अशी रचना दिसते. आणि वरचीं कवचें धुराड्याप्रमाणें निमुळतीं होत गेलेलीं असल्यामुळें तापलेली हवा वर चढून निघून जाते. ज्यांनीं तेथें भर मे महिन्यांत मिस्सा ऐकली असेल त्यांनीं वर मान करून तें अवश्य पाहिलें असेल. मुंबईच्या कंबाला हिलवरील 'कांचनजंगा' ही १९८३ मध्यें पूर्ण झालेली त्यांची उंच इमारत. तींत प्रत्येक घरास कोपऱ्यांत दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली आहे. ती गच्ची म्हणजे आपल्या आजीची ओटीच होय. ती केवळ वर उचलून नेली आहे.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारें त्यांचें काम आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, बेलापुरास आहे. नवी मुंबईची कल्पना कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल ह्या तिघांनीं १९६५ मध्यें मांडली, आणि १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाल्यावर कोरियांनीं तिचे मुख्य वास्तुशिल्पी म्हणूनही काम केलें. १९८३ मध्यें, म्हणजे ज्या वर्षीं कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षीं, त्यांनीं बेलापुरास सुमारें ५.४ हेक्टर जमिनीवर घरांची वसाहत आरंभिली. आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. आठ मीटर लांबरुंद अशा एका अंगणाभोंवतीं सात घरें. अशा तीन अंगणांचीं मिळून एकवीस घरें, व त्यांच्यामध्यें बारा मीटरांचें आणखी मोठें अंगण. आणि मधून पावसाचें पाणी वाहून नेणारा ओढा. प्रत्येक कुटुंबास ४५ ते ७५ चौरस मीटरांचा स्वतंत्र तुकडा. गरीब व सुस्थित ह्यांच्या जमिनींत अंतर एवढेंच. शेजाऱ्याची भिंत सामाईक ठेविली नाहीं, कारण कुटुंब वाढेल तसें ज्यानें त्यानें आपलें घर वाढवावें, आणि तें काम साध्या गवंड्यास व सुतारास करतां यावें, असा हेतु होता. इमारतीस उंची न देतांही दाट वस्ती सुखानें राहूं शकते, हें त्यांना दाखवावयाचें होतें.

पुढें काय झालें? जे तेथें जाऊन येतील त्यांस मूळचीं कौलारू घरें थोडींच दिसतील. बहुतेकांनीं तीं पाडून तेथें सिमेंटचीं दोन-तीन मजली घरें उभीं केलीं. कोणी म्हणतात, योजना फसली. आम्हांस तसें वाटत नाहीं. घर वाढावें हीच तर योजना होती. आणि घरें बदललीं तरी अंगणें राहिलीं आहेत. मात्र एक गोष्ट खरी. घर वाढवितांना छपराची पागोळी व ओटीची सावली सोडून दिली, तर वाढलेल्या घरास पंखा लागतो, आणि पुढें पंख्यानेंही भागत नाहीं. वास्तुशिल्पी अंगण देऊं शकतो. सावली राखणें राहणाऱ्यांच्या हातीं असतें.

कोरिया १६ जून २०१५ रोजीं मुंबईंत निवर्तले. त्यानंतर दोनच दिवसांनीं, १८ जून रोजीं, पोप फ्रान्सिस ह्यांचें 'लाउदातो सी' हें परिपत्रक प्रसिद्ध झालें, आणि पृथ्वी हें आपणां सर्वांचें सामाईक घर आहे ही शिकवण प्रत्येक धर्मग्रामांत पोंचली. दोन्ही घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. तरी आम्हांस ती जुळणी विसरवत नाहीं. कारण परिपत्रकांत जें तत्त्व म्हणून सांगितलें, त्याचा धडा बेलापुरच्या अंगणांत विटांनीं घालून ठेविला होता.

आतां आपल्या निर्णयाकडे वळूं. धर्मग्राम समितीपुढें एक आराखडा आला आहे. त्याप्रमाणें जुना धर्मगुरुनिवास पाडून त्या जागीं पश्चिमेकडे तोंड असलेलें, दर्शनी भिंत सर्व कांचेची व आंत वातानुकूलन यंत्रें असलेलें सभागृह उभें राहावयाचें आहे. सभागृहाची गरज आम्हांस मान्य आहे. सणाच्या दिवशीं निम्मे लोक पावसांत उभे राहतात, आणि तरुणांस जमावयास जागा नाहीं. त्यांचा आग्रह रास्त आहे, हट्ट नव्हे. पण पश्चिमेच्या कांचेंतून ऊन आंत घ्यावें आणि मग तें बाहेर काढण्यासाठीं दर महिन्यास विजेचें बिल भरावें, हा व्यवहार आम्हांस पटत नाहीं. तें बिल आमच्या नंतर येणारा धर्मगुरु भरील, आणि तोही आपल्याच दानपेटींतून.

म्हणून आमची सूचना अशी. सभागृह बांधावें, काँक्रीटचेंच बांधावें. परंतु तें बाजूच्या मोकळ्या आवारांत, पश्चिमेस खोल व्हरांडा, वर गरम हवा निघून जावयास वाट आणि छपराचें पाणी विहिरींत नेणारी पन्हळ ठेवून. जुना धर्मगुरुनिवास पाडूं नये. त्याच्या भिंतींवरील सिमेंट उतरवून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा. ज्या वृद्ध गवंड्यांनीं आमचे डोळे उघडले त्यांनीं हें काम आपल्या दोन तरुणांस शिकविण्याचें मान्य केलें आहे. शंभर वर्षांनंतर आपल्या धर्मग्रामांत चुना मळूं जाणणारे दोन हात असले, तर महोत्सवाचें तेंही एक स्मारक होईल.

ही केवळ सूचना होय, आज्ञा नव्हे. एकदां आम्हीं कोणास न विचारतां भिंतीचें तोंड बांधलें. ह्या खेपेस सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि ठरवितांना आपल्या आजोबांच्या ओटीवर बसून पाहिलेला पाऊस आठवावा, एवढीच विनंति. आपल्या घरांवर व त्यांत राहणाऱ्या सर्वांवर परमेश्वराचा आशीर्वाद असो.