एका एकाकी बेटाचा हिशेब

एका पेनीस चार बटाटे, असा भाव छापलेलें एक टपालाचें तिकीट १९४६ सालीं योजिलें गेलें होतें. ट्रिस्टन डा कुन्हा नांवाच्या बेटासाठीं अॅलन क्रॉफर्ड या इंग्रज मोजणीदारानें तें सुचविलें होतें. बेटावर नाण्यांचा प्रचार जेमतेम. पैशाची किंमत तेथील माणसांस कळावयाची ती बटाट्यांच्या भाषेंत. हें तिकीट सरकारमान्य झालें नाहीं. सरकारी तिकिटें १९५२ सालीं निघालीं तीं सेंट हेलिनाच्या तिकिटांवर या बेटाचें नांव छापून, आणि त्यांवर बटाट्यांचा उल्लेख नव्हता. तथापि ज्या चिमुकल्या वस्तीनें शतकाहून अधिक काळ आपलें धन बटाट्यांत मोजिलें, तिच्या आर्थिक जीवनाची कथा त्या चार बटाट्यांपासून सांगावयास हरकत नाहीं. अशा वस्तीची संपन्नता किंवा विपन्नता मोजावयाची तरी कोणत्या मापानें, हा प्रश्न तिच्या इतिहासांत पुनःपुन्हां उपस्थित झाला. आणि एकदां तर त्याच्या उत्तरावर साऱ्या वस्तीचें अस्तित्वच अवलंबून राहिलें.

हें बेट दक्षिण अटलांटिक महासागरांत आहे. सेंट हेलिनापासून तें दक्षिणेस सुमारें पंधराशें मैल, आणि केपटाऊनपासून पश्चिमेस सतराशें मैलांहून अधिक दूर. मध्यें केवळ पाणी. १५०६ सालीं हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराचा नायक त्रिस्तांव द कुन्हा याच्या तें दृष्टीस पडलें. तो उतरला नाहीं. नांव तेवढें मागें ठेवून पुढें गेला. त्याच्या बरोबरच्या मंडळींत पुढें गोवें जिंकणारा आल्बुकर्क होता, आणि त्याचा स्वतःचा पुत्र नुनो द कुन्हा हाहि होता. या नुनोच्याच कारकीर्दींत १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. वसईच्या इतिहासांत परिचयाचें झालेलें हें आडनांव असें जगाच्या एका निर्जन कोपऱ्यांत पुन्हां भेटतें.

बेट म्हणजे समुद्रांतून पावणेसात हजार फूट वर आलेला एक ज्वालामुखी पर्वतच. त्याचे कडे बहुतेक सर्व बाजूंनीं समुद्रांत तुटलेले आहेत. वस्तीस आणि शेतीस सोयीची अशी मुख्य सपाट पट्टी वायव्येस आहे. १८१६ सालीं, सेंट हेलिनावर बंदींत असलेल्या नेपोलियनच्या सुटकेच्या कटास येथें आसरा मिळूं नये म्हणून, इंग्रजांनीं या पट्टीवर शिबंदी आणून ठेविली. पुढल्याच वर्षीं ती उठविण्यांत आली. तेव्हां तोफखान्यांतील विल्यम ग्लास नांवाचा एक स्कॉटिश नाईक बायकोमुलांसह मागें राहिला, आणि त्याच्याबरोबर दोन गवंडी राहिले. ७ नोव्हेंबर १८१७ रोजीं त्यांनीं आपसांत एक करारनामा लिहून काढिला. गुरेंढोरें आणि सामानसुमान यांत सर्वांचा वांटा सारखा, नफा सारखा, खरेदीचा खर्च सारखा. आणि सलोखा राहावा म्हणून कोणीं कोणावर वरिष्ठपणा गाजवावयाचा नाहीं, अशीं त्यांतील कलमें होतीं.

कागदावरची समता बहुधा कागदावरच राहते, असा जगाचा अनुभव आहे. येथें ती बरीच टिकली, यास त्या तिघांचा सद्भाव जितका कारण झाला तितकाच समुद्रहि झाला. लाटा फोडून होडी पाण्यांत घालणें हें एकट्या माणसाचें काम नव्हे. बाहेरच्या जगाशीं होणारा प्रत्येक व्यवहार होडीवांचून अशक्य. आणि होडी म्हटली कीं पांचसहा वल्हेकरी आले. शेजाऱ्याशीं वैर करणाऱ्यास तेथें उपाशी मरावें लागलें असतें. घर शाकारण्यास सारा गांव यावयाचा आणि घरधन्यानें सर्वांस जेवूं घालावयाचें, ही रीतहि त्यांतूनच पडली. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या सावडीसारखाच हा प्रकार होय. अशा श्रमाची नोंद कोठल्याहि वहींत होत नाहीं. परंतु देणें कोणाचें राहिलें आहे हें प्रत्येकास ठाऊक असतें.

प्रारंभींचीं चाळीस वर्षें बरीं गेलीं. १८२७ सालीं सेंट हेलिनाहून पांच स्त्रिया बेटावरील पांच अविवाहितांशीं संसार थाटण्यास आल्या. देवमाशांच्या शिकारीसाठीं हिंडणारीं अमेरिकन गलबतें पाण्यासाठीं व ताज्या अन्नासाठीं थांबत. बेटकरी मंडळी त्यांस बटाटे, मांस, कोंबड्या देत आणि पीठ, कापड, साखर, चहा घेत. हा व्यापार फायद्याचा होता खरा, परंतु तो एकाच खांबावर उभा होता. देवमासे कमी झाले, शिडांच्या जहाजांची जागा आगबोटींनीं घेतली, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, आणि त्या सागरी वाटेची रहदारीच आटत गेली. तत्पूर्वींच, ग्लासच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १८५७ सालीं ४५ माणसें एकदम केपकडे निघून गेलीं होतीं. मागें राहिलीं २८. १८८२ सालीं एका फुटलेल्या गलबतांतून उंदीर बेटावर चढले आणि पिकांचा नाश करूं लागले. त्यानंतर २८ नोव्हेंबर १८८५ चा दिवस उगवला. एक जहाज जातांना दिसलें. त्याच्याशीं देवघेव करावी म्हणून १५ पुरुष होडींतून निघाले, ते पुन्हां परतले नाहींत. इतक्या लहान वस्तींतील कर्त्या पुरुषांचा मोठा भाग एका दिवसांत नाहींसा झाला. पिठासाखरेच्या आशेनें ते जहाजामागें गेले होते, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. व्यापार बुडत चालला कीं माणूस अधिक धोका पत्करतो.

ब्रिटिश सरकारनें मदतीचें सामान पाठविलें, आणि पुढें एकाहून अधिक वेळां सर्वांस बेटावरून हलविण्याची तयारी दर्शविली. सरकारचा हिशेब सरळ होता. शंभराच्या आसपास माणसें, त्यांच्यासाठीं हजारों मैल जहाज धाडावयाचें, आणि उत्पन्न शून्य! बेटकऱ्यांनीं प्रत्येक वेळीं नकार दिला. मध्यंतरीं १८९२ सालीं 'इटालिया' नांवाचें जहाज तेथें फुटलें. त्यावरील लाव्हारेलो आणि रेपेट्टो या दोन खलाशांनीं तेथेंच लग्नें केलीं. वस्ती अशी कोणाच्या तरी दुर्दैवांतून भर घेत राहिली.

या वस्तीची शास्त्रीय पद्धतीनें पहिली मोठी पाहणी झाली ती १९३७-३८ मध्यें, एर्लिंग क्रिस्तोफरसन यांच्या नेतृत्वाखालीं आलेल्या नॉर्वेजियन पथकाकडून. क्रॉफर्डहि याच पथकांत होते, आणि बेटाचा नकाशा त्यांनींच काढिला. वनस्पति, पक्षी, दांतांचें आरोग्य, सर्व कांहीं तपासलें गेलें. बटाटे आणि मासे खाणाऱ्या त्या लोकांचे दांत आश्चर्य वाटण्याइतके निकोप निघाले. परंतु आर्थिक दृष्ट्या महत्त्वाचें काम पीटर मुंक या समाजशास्त्रज्ञाचें होय. पैशाचा आंकडा जेथें मांडतांच येत नाहीं तेथें कोण कोणास केव्हां मदत करतो, भेट कोणाकडून कोणाकडे जाते, होडींत कोणाचा किती वांटा, हेंच अर्थशास्त्र आहे, हें त्यांनीं ओळखिलें आणि नोंदविलें. त्यांचा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. बेट मोजावयाचें तर बेटाच्या मापानें मोजावें, ही दृष्टि सरकारी दप्तरांत मात्र शिरली नाहीं.

तोंपर्यंत बेटहि बदलूं लागलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, ब्रिटिश आरमारानें तेथें हवामानाचें व बिनतारी संदेशांचें ठाणें उभारिलें. पुरुषांना मजुरी पैशांत मिळूं लागली, दुकान निघालें, मुलांना नियमित शिक्षण मिळालें. १९४८ सालीं एका पथकानें भोंवतालच्या समुद्राची चांचणी केली. कोंकणकिनाऱ्यावर ज्यास शेवंड म्हणतात त्याच्या जातीचा जलचर तेथें विपुल आढळला. पुढल्या वर्षीं कंपनी स्थापन झाली, आणि शेवंडाचें मांस डब्यांत भरण्याचा कारखाना किनाऱ्यावर आला. बटाट्यांच्या बेटास प्रथमच एक विकण्याजोगा माल सांपडला. पुन्हां खांब एकच, हें खरें. परंतु हा खांब आपल्या समुद्रांतला होता.

१९६१ च्या ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसूं लागले. ऑक्टोबरांत वस्तीच्या अगदीं जवळ जमीन फुगली, दुभंगली, आणि १० ऑक्टोबर रोजीं अडीचशेंहून अधिक माणसांनीं बेट सोडलें. प्रथम शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, तेथून डच जहाजानें केपटाऊनला, आणि ३ नोव्हेंबरला इंग्लंडांत साउदॅम्पटन बंदरांत तीं उतरलीं. कांहीं काळानें हॅम्पशायर परगण्यांतील कॅलशॉट येथें विमानदळाच्या जुन्या घरांत त्यांची सोय लावण्यांत आली. पुरुषांना कामें मिळालीं, घरांत वीज आली, मुलें शाळेंत जाऊं लागलीं. पहिल्याच हिंवाळ्यांत सर्दी आणि फुप्फुसांचे विकार यांनीं कांहीं वृद्ध दगावले, हेंहि सांगितलें पाहिजे.

सरकारच्या दृष्टीनें शंभर वर्षांचा प्रश्न ज्वालामुखीनें परस्पर सोडविला होता. लाव्हाखालीं कारखाना आणि होड्या लावण्याचे किनारे गाडले गेले होते. तें सर्व पुन्हां उभारण्यास खर्च, आणि लाभ कोणाचा? बेटकऱ्यांची मिळकत तर इंग्लंडांत कितीतरी वाढलेली होती. असें असतां ते परत जावयाचें म्हणूं लागले, तेव्हां अनेकांस तो हट्ट वाटला. परंतु त्यांचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. बेटावर घरास भाडें नव्हतें. बटाटे, मेंढी, मासा यांस दाम पडत नसे. आणि आज शेतांत जावयाचें कीं समुद्रावर, हें ज्याचें तो आकाशाकडे पाहून ठरवी. इंग्लंडांत मजुरी मोठी, परंतु तींतून प्रत्येक घास विकत घ्यावयाचा आणि दिवस मालकाच्या घड्याळास बांधलेला. शिवाय निरनिराळ्या गांवीं निरनिराळ्या नोकऱ्या लागल्या कीं होडीचे वल्हेकरी कायमचे पांगणार, ही भीति होती.

१९६२ च्या आरंभीं रॉयल सोसायटीचें पथक बेटावर जाऊन आलें. बहुतेक सर्व घरें शाबूत होतीं. मागें राहिलेल्या कुत्र्यांनीं मेंढ्या मात्र फस्त केल्या होत्या. सप्टेंबरांत १२ बेटकरी पुढें गेले व डागडुजीस लागले. डिसेंबरांत कॅलशॉट येथें प्रौढांचें मतदान झालें. परत जाण्याच्या बाजूनें १४८ मतें पडलीं, विरुद्ध ५. १९६३ सालीं दोन तुकड्यांनीं वस्ती परतली.

परतीचें वर्णन करतांना वृत्तपत्रांनीं तें साधेपणाचें आधुनिकतेविरुद्ध बंड म्हणून रंगविलें. तें पुरतेपणीं खरें नव्हे. परतलेल्यांना वीज हवी होती, कारखाना हवा होता, पगारहि हवा होता. १९६६ सालीं ३५ माणसें पुन्हां इंग्लंडला गेलीं, आणि त्यांतील बहुतेक पुढल्या वर्षीं परत आलीं, यावरून मन किती द्विधा होतें तें दिसतें. त्यांनीं केलें तें असें कीं, नवी प्राप्ति जुन्या करारनाम्याच्या चौकटींत बसविली. जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची राहिली. चराई संपूं नये आणि कोणी फार मोठा होऊं नये म्हणून प्रत्येक कुटुंबानें किती गाई, किती मेंढ्या ठेवाव्या यास मर्यादा आहे. नवा कारखाना उभा राहिला, आणि १९६७ सालीं लहानसें बंदर पुरें झालें. त्यास कॅलशॉट हेंच नांव दिलें गेलें. शेवंड किती पकडावयाचा याचें प्रमाण दरवर्षीं ठरतें. लहान आकाराचा आणि अंडीं धरलेली मादी समुद्रांत परत सोडावी लागते.

एका मालावर विसंबण्याचें भय यानें टळलें नाहीं. फेब्रुवारी २००८ मध्यें कारखाना जळाला, आणि वीजयंत्रें तेथेंच असल्यानें गांव अंधारांत गेला. पुढल्या वर्षीं कारखाना पुन्हां बांधला. मार्च २०११ मध्यें सोयाबीन नेणारें 'ऑलिव्हा' जहाज नाइटिंगेलवर फुटलें, तेलानें हजारों पेंग्विन माखले, आणि त्या भागांतील शेवंडाची धरपकड बंद ठेवावी लागली. २०१५ सालीं बेटानें ब्रिटनमधील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेमार्फत एक स्पर्धा जाहीर केली. घरें कशीं उबदार राखावीं, शेती व ऊर्जा यांत परावलंबन कसें कमी करावें, याविषयीं योजना मागविल्या. २०२० सालीं भोंवतालच्या सुमारें ६ लक्ष ८७ हजार चौरस किलोमीटर समुद्रास संरक्षण मिळालें; बहुतेक सर्व भाग मासेमारीस बंद, आणि शेवंडापुरता किनाऱ्यालगतचा समुद्र बेटकऱ्यांस मोकळा.

वस्ती अडीचशेंच्या आंतच आहे, आणि तींत म्हाताऱ्यांचें प्रमाण वाढतें आहे. समुद्र शांत असेल त्या दिवशीं पहांटे गांवांत टांगलेल्या लोखंडी नळकांड्यावर टोले पडतात. ते ऐकले कीं कचेरींत काम करणारेहि कचेरी सोडून होड्यांकडे जातात, आणि संध्याकाळीं कारखान्यांत बायकापुरुष माल साफ करावयास बसतात. समुद्र खवळलेला असला तर टोले पडत नाहींत. मग गांवापासून दोनतीन मैलांवर दगडी गडग्यांनीं वेढलेल्या बटाट्यांच्या वाफ्यांत काम असतें.