आजोबांची सायकल आणि हबवरचा आकडा

आमच्या कऱ्हाडच्या घराच्या पडवीत एक काळी सायकल तीसेक वर्षे भिंतीला टेकून उभी होती. टायर वाळून तडकलेले, साखळी गंजून काठीसारखी ताठ झालेली. घरात तिला सगळे ‘आजोबांची सायकल’ म्हणत. आजोबा मराठी शाळेत मास्तर होते. १९४२च्या चळवळीत याच सायकलवरून रात्रीअपरात्री त्यांनी भूमिगतांची पत्रके इस्लामपूरपर्यंत पोचवली आणि पत्रकांची सुरळी ते सीटखालच्या नळीत लपवत, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सातारा जिल्ह्यात त्या दिवसांत काय चालले होते, पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार कसे उभे राहिले, हे आपण जाणताच. त्यामुळे या गोष्टीवर शंका घ्यावी असे कधी कोणाच्या मनात आले नाही. उलट दर १५ ऑगस्टला आई त्या सायकलच्या हँडलला झेंडूची माळ घालत असे.

२०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त गावातल्या वाचनालयाने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडायचे ठरवले. सायकल द्याल का, आणि सोबत चार ओळींचे कार्ड लिहून द्याल का, अशी विचारणा झाली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हातात पाना धरायचा तो फार तर नळाचा वायसर बदलण्यापुरता. तरी म्हटले, आजोबांची सायकल आहे, दुकानात कशाला टाकायची? घरीच उघडू, घरीच जोडू.

पहिला दणका सीटच्या नळीने दिला. नटबोल्ट सैल केले तरी सीटची दांडी हलेना. रोज थोडे रॉकेल सोडत गेलो. पाचव्या दिवशी ती कुरकुरत वर आली. खरे सांगतो, त्या क्षणी माझी छाती धडधडत होती. नळीत एखादा कागदाचा कपटा असेल तर? बॅटरी मारून पाहिले. आत कुंभारमाशीचे मातीचे घर होते आणि मूठभर गंज.

मग पॅडलची पाळी. डावे पॅडल मी तासभर डावीकडे फिरवत बसलो आणि पान्याने अंगठा सोलून घेतला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटते, हे मला शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पोराने सांगितले. चालवताना पॅडल आपोआप सैल होऊन पडू नये, म्हणून ही योजना. क्रँकच्या कॉटर पिनेवर मी सरळ हातोडी घातली; तिचे आटे चपटे झाले. नट दोन आटे वर ठेवून, खाली लाकडाचा ठोकळा देऊन ठोकायचे असते, हे ज्ञान नंतरचे. बीबी उघडल्यावर छर्रे मोजले. दर बाजूला पाव इंची ११ हवेत. एका बाजूला ९ च निघाले. कोणा मेकॅनिकने कधीतरी दोन गाळून काम उरकले होते.

पण गंमत पुढे आहे. नवे छर्रे, नवी कॉटर पिन, २८ बाय दीडचे टायर, हे सगळे मला गावातल्या साध्या दुकानात मिळाले. इतक्या वर्षांपूर्वीच्या यंत्राचे सुटे भाग आज कोपऱ्यावर मिळावेत, असे दुसरे कोणते यंत्र आपल्या घरात आहे? रेडिओचे नाही, शिवणयंत्राचे थोडेफार. याचे कारण इतिहासात आहे. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल काढली. दोन जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, हा तिचा घाट. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर आणला. त्यानंतर मूळ आराखड्यात फारसे काही बदलले नाही. बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांनी जी मापे रूढ केली, ती त्यांच्या मालाबरोबर बोटीतून आपल्याकडे आली. आपल्या कारखान्यांनी सायकली काढल्या त्या त्याच मापांवर. इंग्रज गेले, त्यांची इंची मापे सायकलच्या पोटात राहिली.

आता मागच्या चाकाकडे वळतो, कारण घोटाळा तिथे सुरू झाला. आमच्या सायकलला तीन गिअर होते. बाहेरून काही दिसत नाही, सगळी करामत हबच्या पोटात. हा स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब. १९०२ साली नॉटिंगहॅमला त्याचा जन्म झाला आणि त्यामागे रॅले कंपनीचे फ्रँक बोडेन होते. हब उघडला तर आत छोटी सूर्यमाला! एक्सलवर मधोमध एक स्थिर दातेरी चक्र, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी चार चिमुकली चक्रे, ते ग्रह. साखळीचा जोर कोणत्या चक्रावर द्यायचा एवढे बदलले की चढावर वेग पाऊणपट होतो, उतारावर सव्वापटीहून थोडा अधिक. रॉकेलमध्ये धुऊन, कपड्याने पुसून मी ते भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. घरातले सगळे जण येऊन बघून गेले.

हबचे वरचे कवच घासताना त्यावर ठोकलेली अक्षरे उमटली. एडब्ल्यू, हे त्या हबचे नाव. आणि त्याखाली आकडे: ५१, शेजारी ३. स्टर्मी-आर्चर आपल्या हबवर बनावटीचे वर्ष आणि महिना ठोकत असे. म्हणजे १९५१चा मार्च.

मी तो आकडा तीनदा पुसून पाहिला. बेचाळीसची पत्रके एक्कावन्नच्या हबवरून कशी जातील?

मनाची समजूत घालायला वेळ लागला नाही. चाक बदलले असेल. सायकलचे काय, मोडेल ते बदलत जायचे. सांगाडा जुनाच असणार. मग मी सांगाड्याच्या मागे लागलो. हँडलखालच्या नळीवर कोणीतरी ब्रशने काळा रंग फासला होता, त्याखाली काहीतरी उंचवटा लागत होता. पॉलिश पेपरने नव्हे (पॉलिश पेपरची हकिगत पुढे येते), तर रॉकेलच्या बोळ्याने आणि नखाने तीन संध्याकाळी तो रंग काढला. पितळी बिल्ला निघाला. त्यावर बगळ्याचे डोके, म्हणजे रॅलेची खूण. मला हायसे वाटले. पण बगळ्याखालची अक्षरे लागली तेव्हा ते हायसे वाटणेही गेले. तिथे ‘सेन-रॅले’ असे होते.

हे नाव आज फार जणांना ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपल्याकडे चांगली सायकल म्हणजे विलायती सायकल. रॅले, हंबर, रज, हर्क्युलिस, बीएसए. बीएसए ही मुळात बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या खुणेत तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असत. आमच्यापैकी कित्येकांनी ती खूण पाहिली असेल, पण त्या रायफली आहेत हे लक्षात आले नसेल. युद्धात बोटी लष्करी सामानाने भरल्या आणि सायकली दुर्मिळ झाल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने आयातीला आळा घातला आणि देशी कारखान्यांना संरक्षण दिले. तेव्हा विलायती कंपन्यांनीच इथे भागीदार शोधले. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स निघाली. कलकत्त्याचे सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी हातमिळवणी केली आणि १९५२ साली बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सायकली काढू लागला. सोनिपतची अ‍ॅटलस त्याच सुमाराची, १९५१ची. फाळणीनंतर लुधियानात स्थिरावलेल्या मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा व्यापार केला आणि १९५६ साली हीरो सायकल काढली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होतीच. पुढे हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या अडचणीत आल्या आणि १९८० साली एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या. आज दोन्ही नाहीत. खुद्द नॉटिंगहॅममध्येही रॅलेने २००२ साली सायकली बनवणे थांबवले.

म्हणजे आमची सायकल बेचाळीसची असूच शकत नव्हती. विलायती हब घालून आसनसोलला जोडलेली, १९५२ नंतरची सायकल. इंग्रजांविरुद्धच्या लढ्याची म्हणून जिला आम्ही माळ घालत होतो, ती स्वतंत्र भारतात जन्मलेली होती.

आता कार्डावर काय लिहू? भाऊ म्हणाला, “लिही ना बेचाळीसची. कोण हब उघडून बघतंय?” खरेच कोणी बघणार नव्हते. पण मी बघितला होता. आणि दुसरी भीती अशी की सायकल खोटी ठरली, तर आजोबांची गोष्टही खोटी का? माझ्या मुलीने तर तसे बोलूनच दाखवले.

मिरजेला आमची आत्या असते. तेव्हा ती नव्वदीला आली होती, कानाने कमी ऐकते, आठवण मात्र लख्ख. तिच्याकडे गेलो. सगळे ऐकून ती हसायलाच लागली.

“अरे, दादांची स्वतःची सायकल होती कधी? मास्तरच्या पगारात सायकल येते होय? ती भाड्याची असायची. पेठेतल्या दुकानातून आणायचे, तासाच्या भाड्याने. रात्री ठेवली तर भाडं वाढायचं, त्यावरून आई भांडायची. त्या भांडणामुळंच तर मला आठवतंय.”

“आणि पत्रकं?”

“पत्रकं खरी. नळीत-बिळीत नाही हं. माझ्या दप्तरात असायची. मी पुढं दांडीवर बसायची. लहान पोरीला घेऊन चाललेल्या मास्तरला कोण अडवतंय?”

मी गप्प बसलो. ऐंशी वर्षे आमच्या घरात ही गोष्ट सांगितली गेली आणि तिच्यातली दहा वर्षांची मुलगी कोणीच ठेवली नव्हती. सायकलच्या नळीला मात्र जागा मिळाली होती. नंतरची सायकल माझ्या वडिलांनी नोकरी लागल्यावर हप्त्याने घेतली आणि म्हातारपणी आजोबा ती वापरत, म्हणून ती आजोबांची झाली, हेही आत्यानेच सांगितले.

आता ती पॉलिश पेपरची हकिगत. कामाला सुरुवात केली त्याच दिवशी, काही कळायच्या आधी, मी मागचा मडगार्ड खरवडून चकचकीत केला होता. त्यावर पेंटरने पिवळ्या रंगात काढलेली अक्षरे होती. जुन्या सायकलींवर मालकाचे नाव, गाव असे लिहून घेण्याची पद्धतच होती. मी गंजाबरोबर तीही घासली. थांबलो तेव्हा आडनावाची शेवटची दोन अक्षरे आणि ‘कऱ्हाड’ एवढेच उरले होते. नावाचे आद्याक्षर पाहिले असते तर सायकल वडिलांची हे पहिल्याच दिवशी कळले असते. घरात जो एकमेव लेखी पुरावा होता, तो मी पन्नास पैशांच्या कागदाने पुसला. त्यानंतर मी सायकलला पुन्हा रंग दिला नाही. जिथे गंज खात होता तिथे तेल लावले, बाकी जशी होती तशी ठेवली. मडगार्डवरचा तो घासलेला, बोडका पट्टाही तसाच आहे.

कार्ड मी चारऐवजी सात ओळींचे लिहिले. त्यात आत्याचे नाव आहे, भाड्याच्या सायकलचा उल्लेख आहे आणि ही ती सायकल नव्हे असेही आहे. वाचनालयाचे लोक जरा खट्टू झाले, पण त्यांनी सायकल ठेवून घेतली. आत्याला उद्घाटनाला आणले होते. तिने दांडीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, ती जरा उंच होती.

प्रदर्शन संपल्यावर सायकल मी चालवतच घरी आणली. दुसरा गिअर टाकला की हब टिकटिकतो, वायर अजून अर्धा आटा ओढायला हवी. आणि डावी क्रँक प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ करते. कॉटर पिन पुन्हा काढून बसवावी लागणार.